सातची गोळी

मुसलमानाच्या घरी कुत्रा कसा काय, हा प्रश्न मला दोन्हीकडून विचारला जातो. शाळेतल्या सहकारी बाई कुतूहलाने विचारतात, नात्यातली माणसं जरा आवाज उतरवून विचारतात. उत्तर एकच आहे. शेरू घरात राहत नाही, मागच्या पडवीत राहतो, आणि त्याला राखणीसाठी आणलं होतं. शिकार, गुरं आणि राखण यांसाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे, एवढं आमच्या मोहल्ल्यात लहान पोरालाही ठाऊक असतं.

आमचं घर सावर्ड्यात, हायवेपासून थोडं आत. मागे आंब्याची चार कलमं, काजू, एक चिकू आणि अम्मींच्या कोंबड्या. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांसारखा आमच्या घरचा पुरुष आखातात आहे. मुलांचे अब्बा कुवेतला असतात. इथे आम्ही दोघी बायका आणि दोन मुलं. वानरं कलमांवर उतरायची, मुंगूस खुराड्यापाशी घुटमळायचं. म्हणून २०१७ च्या पावसाळ्यात हे तांबूस गावठी पिल्लू आणलं. दोन वर्षं त्याने आपलं काम चोख केलं.

डिसेंबर २०१९ मध्ये एका पहाटे, फजरच्या अजानीच्या थोडं आधी, पडवीत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. शेरू आडवा पडला होता. चारही पाय ताठ, मान मागे वळलेली, जबडा घट्ट मिटलेला. मग पाय सायकल मारल्यासारखे हलू लागले, तोंडातून फेस आला, लघवी झाली. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. अम्मी दारात उभ्या राहून तस्बीह ओढत होत्या. नंतर म्हणाल्या, एक तस्बीह पुरी होता होता थांबला. म्हणजे साधारण दीड मिनिट. उठला तो झिंगल्यासारखा. भिंतीला धडकला, रिकामं ताट चाटत राहिला, मग गाढ झोपला. मुलं शाळेला निघाली तेव्हा शेपूट हलवत फाटकापर्यंत आला.

दुपारपर्यंत बातमी आळीत फिरली आणि सल्ले आले. एक म्हणाले, चप्पल हुंगवा. दुसऱ्या म्हणाल्या, कांदा फोडून नाकाशी धरा. कुणी म्हणालं, काहीतरी असर आहे, तावीज बांधा. हे सगळं ऐकून सोडून देता येतं. तिसरा सूर मात्र सोडून देण्यासारखा नव्हता: "कुत्रा पिसाळलाय." हा शब्द एकदा उच्चारला गेला की काठ्या बाहेर येतात.

लोकांची भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, हे प्रत्येकाने धरून चालावं. पण आकडी आणि पिसाळणं यांत फरक आहे. आकडी येते, मिनिट-दोन मिनिटं टिकते, जाते. तासाभरात कुत्रा आपल्याला ओळखतो, खातो, पाणी पितो. पिसाळलेला कुत्रा असा परत येत नाही. त्याची वागणूक दिवसेंदिवस बिघडत जाते, आवाज बदलतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, आणि लक्षणं दिसल्यापासून साधारण दहा दिवसांत तो मरतो. शेरूचं दरवर्षीचं रेबीजच्या लसीचं कार्ड मी पिशवीत घालून चार घरी दाखवून आले. दहा दिवस त्याला बांधून ठेवलं. अकराव्या दिवशी तो जिवंत आणि खादाड होता, त्यामुळे तो विषय तिथे मिटला.

जानेवारीत दुसरी आकडी आली, त्यानंतर अकराव्या दिवशी तिसरी. चिपळूणला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं: साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड, सगळं ठीक. डॉक्टरांनी समजावलं ते असं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विजेच्या भाषेत बोलतात. कधी कधी एका भागातल्या पेशी एकदम, एकाच सुरात ओरडतात आणि अंग त्यांच्या ताब्यात जातं. विषबाधा, डोक्याला मार, डिस्टेंपरसारखा आजार, मेंदूतली गाठ अशी कारणं असू शकतात. ती नसतील, आकड्यांमधल्या दिवसांत कुत्रा अगदी नॉर्मल असेल आणि पहिली आकडी सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली असेल, तर बहुतेकदा तो उपजत अपस्मार असतो. मेंदूचा एमआरआय करायचा तर मुंबई-पुण्याची वाट. सावर्ड्याच्या शेजारी डेरवणला वालावलकर रुग्णालयासारखं मोठं इस्पितळ आहे, पण ते माणसांचं. कुत्र्याला घेऊन परळचं जनावरांचं हॉस्पिटल गाठायचं, नाहीतर कुंभार्ली घाट चढून कराड-साताऱ्यावरून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायचं. डॉक्टर म्हणाले, सध्या गरज नाही, औषध सुरू करू.

औषध म्हणजे फिनोबार्बिटोन. माणसांचीच गोळी. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने तिचा फिटवरचा गुण नोंदवला. सांगतात, तो रुग्णांच्या वॉर्डाच्या वरच राहायचा, रात्री त्यांच्या फिटच्या आवाजाने झोप लागत नसे, म्हणून त्याने त्यांना हे झोपेचं औषध दिलं. आणि झोपेबरोबर फिटही कमी झाल्या. शंभर वर्षं उलटली तरी ही स्वस्त गोळी माणसांना आणि कुत्र्यांना अजून दिली जाते. ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चिठ्ठीवर पेशंटचं नाव 'शेरू' वाचून दुकानदार दरवेळी एकदा वर बघतो.

शेरू तेव्हा सोळा किलोचा होता. त्या वजनाला डॉक्टरांनी तीस मिलीग्रॅमची दीड गोळी सकाळी, दीड संध्याकाळी दिली. हा हिशोब शेरूचा आहे, कुणी आपल्या कुत्र्याला लावू नये. लक्षात ठेवायची गोष्ट दुसरी: दोन गोळ्यांमध्ये बारा तास. औषधाचं रक्तातलं प्रमाण स्थिरावायला दोनेक आठवडे लागतात. ते प्रमाण एका पातळीवर राहिलं पाहिजे, आणि गोळी एकदम बंद केली तर आधीपेक्षा वाईट आकड्या येऊ शकतात.

आमच्या घरातला दिवस नमाजच्या वेळांनी चालतो, म्हणून आधी वाटलं, फजरला एक आणि मगरीबला एक देऊ, विसरणं नाही. पण नमाजचं घड्याळ सूर्याचं आहे. आमच्याकडे फजर जूनमध्ये पावणेपाचच्या आसपास असते, जानेवारीत सहाच्या जवळ जाते. मगरीब डिसेंबरात सहाच्या सुमारास, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. गोळीला हे चालत नाही. म्हणून सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात ठरवले. २०२० च्या रमजानमध्ये इफ्तार सात वाजायच्या थोडं आधी व्हायचा. लॉकडाऊन होता, मशीद बंद, मुलांचे अब्बा तिकडे अडकलेले. खजूर तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, आणि मोबाईलचा गजर वाजला की आधी पडवीत जायचं. मगरीब त्यानंतर.

गोळीने पहिले काही आठवडे तो दारू प्यायल्यासारखा चालायचा. ते गेलं. भूक, तहान आणि लघवी वाढली ती राहिली. सोळाचा एकोणीस किलो झाला. अम्मींनी वाळत घातलेली सुकट एकदा सगळी फस्त केली. यकृतावर ताण येतो, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं.

आता पाकीचा प्रश्न, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात तो असणार. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्या मजहबात कुत्र्याची लाळ आणि ओला स्पर्श नापाक. सात वेळा धुवायचं, त्यांपैकी एकदा मातीने. हनफी लाळेपुरतं म्हणतात, इमाम मालिक यांच्या मजहबात जिवंत कुत्रा पाक मानतात. आम्ही आपल्या घरचं पाळतो. मागच्या नळाशी तांबड्या मातीचा डबा ठेवलाय. आकडी आली की लाळ, लघवी सगळं अंगावर येतं. पडवीत घालायचा एक जुना गाऊन खुंटीला वेगळा असतो. शेरूला पुसायचं, जागा धुवायची, हात सात वेळा, त्यात एकदा माती, मग आंघोळ, मग वुजू. पहिल्या वर्षी हे ओझं वाटायचं. आता हात आपोआप करतात. हात लागला तर पुढे काय करायचं हे इतकं नीट सांगून ठेवलंय, त्याअर्थी कधीतरी कुणाला हात लावावा लागणार हे धरलेलंच असावं, असं मला वाटतं.

खरी अडचण वेगळीच आली. गोळीने शेरू सुस्त झाला. वानरं चिकूवर येऊन बसली की तो मान वर करून बघायचा आणि पुन्हा पंजावर हनुवटी ठेवायचा. मुंगसाने दोन कोंबड्या नेल्या. तेव्हा नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मुद्दा काढला, आणि तो मुद्दा कच्चा नव्हता. म्हणाले, "राखणीसाठी मुभा होती ना? आता तो राखण करत नाही. मग कुठल्या नावाने ठेवलाय? लांब घाटात सोडून या, अल्लाह त्याची रोजी देईल."

मला लगेच उत्तर सुचलं नाही. सोडून देणं म्हणजे काय होईल, हे मात्र मला कळत होतं. उपाशी राहील हा एक भाग झाला. दुसरा असा की गोळी तुटली की दोन-चार दिवसांत आकड्या सुरू होतील, एकामागून एक, रस्त्याच्या कडेला. आणि फेस आलेला अनोळखी कुत्रा लोक जिवंत सोडत नाहीत. कायद्यानेही तो गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर टाकून देणं येतं. पण त्यांचा प्रश्न कायद्याचा नव्हता, दीनचा होता, तेव्हा उत्तरही तिथूनच यायला हवं होतं.

आमच्या मशिदीतल्या मौलानांना मी मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवून विचारलं. कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली ती हदीस ते सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी दुसरंच नाव पाठवलं: इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम. तेराव्या शतकातले शाफई आलिम, दमास्कसचे, १२६२ साली काहिऱ्यात वारले. 'कवाइदुल अहकाम' या त्यांच्या ग्रंथात माणसावर जनावरांचे हक्क कोणते, याची यादी आहे. त्यातला पहिलाच हक्क खर्चाचा: त्या जातीच्या जनावराला लागेल ते मालकाने द्यायचं, जनावर म्हातारं झालं किंवा आजारी पडलं आणि त्याचा काहीच उपयोग उरला नाही तरीसुद्धा. त्याच यादीत पुढे झेपणार नाही इतकं ओझं न लादणं आहे, इजा करतील अशांबरोबर न कोंडणं आहे.

मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. मुभा उपयोगासाठी होती, हे खरं. पण आणल्यावर जो हक्क तयार झाला, तो उपयोगाला बांधलेला नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने 'आजारी' आणि 'उपयोग नाही' हे दोन्ही शब्द मुद्दाम लिहून ठेवलेत. म्हणजे तेव्हाही कुणीतरी "आता कशाला ठेवायचा" असं विचारत असणार. मी ते वडीलधाऱ्यांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग कोंबड्यांना जाळी मारून घ्या." पुढच्या रविवारी त्यांनीच माणूस पाठवला.

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. दुसऱ्या दिवशी वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. बाजारपेठ पाण्याखाली गेली, वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला, रेल्वे थांबली. सावर्ड्यात आम्ही सुखरूप होतो, पण रोजचं सगळं चिपळूणवरच चालतं. डब्यात नऊ दिवसांच्या गोळ्या होत्या. लोकांची घरं चिखलात आणि आपण कुत्र्याची गोळी शोधायची, हे तोंडातून काढायला जड जात होतं. मोहल्ल्यातली पोरं पाणी आणि जेवणाची पाकिटं घेऊन रोज चिपळूणला जात होती. आमच्या घरूनही भाकऱ्या जायच्या. सातव्या दिवशी रत्नागिरीहून येणाऱ्या एका सहकाऱ्याने चिठ्ठीचा मोबाईलवरचा फोटो दाखवून दोन महिन्यांच्या गोळ्या आणून दिल्या. तेव्हापासून आमचा डबा नेहमी एक महिना पुढे असतो आणि मूळ चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत.

२०२२ मध्ये आकड्या पुन्हा वाढल्या. लेव्हेटिरासिटाम नावाची दुसरी गोळी जोडली, ती दर आठ तासांनी: सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. तीन वाजता मी शाळेत, मुलंही शाळेत. उरल्या अम्मी. आयुष्यात कुत्र्याला हात न लावलेली बाई. त्यांनी स्वतःच तोड काढली. तांदळाच्या भाकरीच्या तुकड्यात गोळी कोंबायची, तो लांब दांड्याच्या जुन्या पळीवर ठेवायचा आणि पळी पुढे करायची. पळी वेगळी, तिची खुंटी वेगळी. तीन वर्षं झाली, तीनची गोळी एकदाही चुकलेली नाही. मधल्या काळात त्या स्वतःची बीपीची गोळी दोनदा विसरल्या.

मी मास्तरीण, त्यामुळे वही आलीच. हजेरीच्या वहीसारखे रकाने आखलेत: तारीख, चांदची तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय केलं होतं, नंतर किती वेळाने ओळखलं. चांदची तारीख घालायचं कारण, आळीत सगळे सांगायचे की आकडी अमावस्या-पौर्णिमेला येते. आपल्या कॅलेंडरात हे तपासणं सोपं: महिन्याच्या सुरुवातीला अमावस्या नुकतीच सरलेली असते, चौदा-पंधराच्या आसपास पौर्णिमा. आजपर्यंत सेहेचाळीस आकड्या लिहिल्यात. पहिली २०१९ ची, मग २०२० मध्ये चौदा, नंतर नऊ, अकरा, पाच, चार, आणि २०२५ मध्ये आतापर्यंत दोन. चंद्राच्या तारखा सगळ्या महिन्यात विखुरलेल्या आहेत. ढगांच्या गडगडाटाशीही जुळत नाहीत. बहुतेक आकड्या झोपेत किंवा पहाटे आल्यात, एवढंच वही सांगते.

वहीमुळे मला आणखी एक गोष्ट दिसली. सेहेचाळीस आकड्यांचा सगळा वेळ जोडला तर दीड तासही होत नाही. त्या वेळात मी जवळ बसण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही. बाकी साडेपाच वर्षं सात वाजतात.

पडवीच्या कडेला आम्ही एक जुनी चादर लावून ठेवलीय, आकडी आली की ती ओढायची, म्हणजे गल्लीतून बघणारे जमत नाहीत. हे मला एका हदीसवरून सुचलं. मिर्गी असलेली एक बाई रसूलुल्लाहांकडे (स.) आली होती. आजारावर सब्र करायला ती तयार झाली, तिची विनंती एवढीच होती की झटका येतो तेव्हा अंग उघडं पडतं, ते पडू नये यासाठी दुआ करा. शाळेत ही हदीस मी पूर्वीपासून सांगत आलेय. तिचा अर्थ पडवीत बसून जास्त कळला.

आणि तो कळलेला बरा, कारण दोन वर्षांपूर्वी एक आई शाळा सुटल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या कुत्र्याला गोळी चालू आहे म्हणतात, तिचं नाव काय?" तिच्या मुलीला तेच औषध लिहून दिलं होतं आणि नातेवाईक म्हणत होते, नका देऊ, पुढे लग्नाला अडचण येईल, लोकांना कळेल. लेकराची आणि जनावराची तुलना मी करणार नाही, तिनेही केली नव्हती. तिला फक्त माहिती असलेलं माणूस हवं होतं, आणि कुत्र्याबद्दल विचारणं सोपं होतं. मी तिला सांगितलं की मुलीचं औषध तिच्या डॉक्टरांनी सांगितलं तसंच, न तोडता द्या. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतून 'अपस्मार' हा शब्द १९९९ साली काढून टाकला गेला. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात तर तो नाहीच. इब्न सिनांनी हजार वर्षांपूर्वी मिर्गी मेंदूच्या आजारांत घातली. जिन्नांच्या खात्यात ती आपण टाकतो. वर्गातल्या मुलांना मी सगळ्यांसाठी म्हणून शिकवलं: कुणाला फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, मोठ्यांना बोलवायचं.

कुत्र्याचंही जवळपास हेच. पायरी, टोकदार वस्तू, पाणी यांपासून दूर करा. तोंडाजवळ हात नेऊ नका. जीभ गिळली जात नाही, पण बोट चावलं जातं. दिवा आणि आवाज कमी करा. उन्हाळा असेल तर पंखा लावा, अंग तापतं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एका दिवसात दोन आल्या, तर डॉक्टर. आमच्याकडे त्या वेळेसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे डॉक्टरांनी लिहून दिलाय, दोनदा लागला. रस्त्यावरचा अनोळखी कुत्रा असेल तर लांब उभे राहा, मुलांना लांब ठेवा, आणि काठी उचलायच्या आधी दहा मिनिटं थांबा. चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली तर पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. त्यात कुणाचं ऐकू नका.

शेरू आता आठ वर्षांचा आहे. तोंडावर पांढरं आलंय. पुढच्या महिन्यात रक्ततपासणी आहे, यकृताचा आकडा गेल्या वेळी थोडा चढला होता, त्याची काळजी आहे. वानरं अजून येतात. परवा त्याने एकदा उठून भुंकलंही. वानरं हलली नाहीत, पण अम्मींनी आतून "शाबास" म्हटलं.